जुनी चिप, नवं पेट्रोल

७ सप्टेंबर २०२५, रविवार

काल विसर्जन झालं, आज रस्ते मोकळे. महिनाभराने गाडी बाहेर काढली. पौड रोडने चांदणी चौकाकडे चढताना तिसऱ्या गिअरमध्ये, अडीच ते तीन हजार आरपीएमच्या दरम्यान पुन्हा तोच प्रकार झाला. ॲक्सिलरेटर पिळला की क्षणभर काहीच नाही, मग थ्रॉटल बॉडीतून शिंकल्यासारखा फट्ट आवाज आणि मग एकदम धक्का. परत येताना नळस्टॉपच्या सिग्नलला दोनदा बंद पडली. मागच्या रिक्षावाल्याने जे सुनावलं ते इथे लिहीत नाही.

गाडीची ओळख एकदाच लिहून ठेवतो. १९९७ ची इटालियन व्ही-ट्विन, एअर कूल्ड, दोन सिलिंडर, दोन इंजेक्टर, एक ईसीयू (किती पेट्रोल द्यायचं ते ठरवणारा गाडीचा छोटा कॉम्प्युटर). मेक मुद्दाम लिहीत नाही. पुण्यात ही गाडी मोजून दोन-तीन असतील, लगेच कळेल कोणाची ते. सायलेन्सरच्या पाइपात ऑक्सिजन सेन्सर नाही. ईसीयू फक्त दोन गोष्टी बघतो, थ्रॉटल किती उघडलाय आणि इंजिन किती वेगाने फिरतंय. त्यावरून तक्त्यातला एक आकडा उचलतो, हवेचा दाब आणि तापमान बघून थोडा कमी-जास्त करतो आणि तेवढा वेळ इंजेक्टर उघडतो. आत नीट जळलं की नाही ते विचारायची सोयच नाही. मेसमधल्या वाढप्यासारखं काम आहे, वाढलं की पुढच्या पानाकडे.

तक्ता लिहिला गेला तेव्हा गाडीला जे पेट्रोल मिळत होतं ते आता मिळत नाही. २०२३ पासून पंपांवर ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, यायला लागलं आणि आता साधं पेट्रोल मागितलं की बहुतेक तेच मिळतं. संशय इथेच आहे. निव्वळ पेट्रोलच्या एका किलोला पूर्ण जळायला १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला फक्त ९. वीस टक्के मिश्रणाला साधारण १३.५. म्हणजे हवा तेवढीच असेल तर इंधन जास्त हवं. ई२० किंचित जड आहे, ते वजा केलं तरी साडेसात टक्के तूट राहते. गाडी सतत साडेसात टक्के उपाशी आहे.

१० सप्टेंबर, बुधवार

गणित ठीक आहे, पण पंपावरचं पेट्रोल खरंच किती टक्क्यांचं, ते बघायला काचेचं मोजपात्र आणलं. ९० मिली पेट्रोल, त्यात १० मिली पाणी, बूच लावून हलवलं आणि बाल्कनीत ठेवलं. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात जातं, म्हणून खालचा थर फुगतो. दहा मिनिटांनी खालचा थर २८ मिली. अठरा मिली इथेनॉल, नव्वदात अठरा, बरोबर वीस टक्के. पंपाला नावं ठेवायला जागा नाही.

बायको म्हणाली, "हे ताकाचं भांडं नाहीये ना?" नव्हतं.

१३ सप्टेंबर, शनिवार

ईसीयूचा तक्ता ज्या चिपमध्ये असतो तिला हात लावायच्या आधी गाडी मेस्त्रींकडे नेली. त्यांचा नियम ठरलेला आहे. "साहेब, आधी हवा, मग करंट, मग पेट्रोल. कॉम्प्युटर सगळ्यात शेवटी." मी इन्स्ट्रुमेंटेशनवाला, मला कॉम्प्युटर सगळ्यात आधी दिसतो. सत्तावीस वर्षं कंपनीत हाच वाद घालत आलोय आणि बहुतेक वेळा मेस्त्रीच बरोबर निघालेत.

टॅपेट बघितले. उजव्या सिलिंडरचा एक्झॉस्ट टॅपेट घट्ट झाला होता. इनलेट ०.१५, एक्झॉस्ट ०.२० मिमीला लावले. मग आयडलिंगवर इनटेकच्या रबरांभोवती कार्ब क्लीनरचा हलका फवारा मारला (इंजिन फार तापलेलं नसताना आणि बेंड पाइपपासून लांब, नाहीतर गाडीचाच होम होईल). डाव्या रबराजवळ फवारा गेला की आरपीएम हलत होता. रबर काढून वाकवलं तर आतून भेगा, जुन्या गादीसारख्या. डावं सिलिंडर चोरून हवा घेत होतं.

मेस्त्री काही बोलले नाहीत. फक्त रबर माझ्या हातात दिलं.

१४ सप्टेंबर, रविवार

नाना पेठेत सिलिकॉनचा जाड होज मिळाला, मापाला कापून दोन्ही बाजूंना बसवला. पेट्रोलचे पाइपही बदलले. जुने नव्वदच्या दशकातले, बोटाने दाबले तर लिबलिबीत लागत होते. इथेनॉलला टिकणारा, इंजेक्शनच्या दाबाचा, जे३० आर९ शिक्का असलेला पाइप मागितला तर दोन दुकानांत "सगळे सेमच असतात" असं ऐकावं लागलं. तिसऱ्या दुकानात शिक्क्याचा मिळाला.

थ्रॉटल सेन्सरचं व्होल्टेजही लावून घेतलं. दोन्ही बॉडींच्या लिंका सोडून, फुलपाखरू (थ्रॉटलची झडप) पूर्ण बंद असताना ०.१५ व्होल्ट हवं. मिळालं ०.२३. म्हणजे ईसीयूला थ्रॉटल आहे त्यापेक्षा जास्त उघडा वाटत होता आणि तो तक्त्यात पुढची ओळ वाचत होता. विनोद असा की या चुकीमुळे गाडीला थोडं जास्तच पेट्रोल मिळत होतं. सेन्सर नीट केल्यावर गाडी आणखी वाईट चालायला लागली! कोणीतरी आधी हातचलाखीने उपास थोडा हलका करून ठेवला होता.

२१ सप्टेंबर, रविवार

आज ईसीयू उघडला. सीटखाली ॲल्युमिनियमचं डबडं आहे. चार स्क्रू आणि एक रबरी बूच. बुचाखाली आयडलिंगचं मिश्रण थोडंफार हलवायचा छोटा पॉट (पोटेन्शिओमीटर) आहे. आत एक मोठा बोर्ड आणि आयसी बेसमध्ये बसलेली अठ्ठावीस पायांची चिप, वर कागदी स्टिकर. स्टिकरवर बॉलपेनने कसलेसे आकडे. म्हणजे ही कारखान्यातून आलेली चिप नाही, आधीच्या मालकाने कधीतरी बदललेली.

स्टिकर सोलायचा मोह आवरला. खाली काचेची खिडकी आहे आणि खिडकीखाली सिलिकॉन. ईप्रॉम, म्हणजे असली चिप, पुसली जाते ती अतिनील प्रकाशाने. डेटाशीटमध्ये लिहिलेलं असतं की थेट उन्हात साधारण आठवडाभरात आणि ट्यूबलाइटखाली तीनेक वर्षांत चिप कोरी होऊ शकते. खिडकीवरचा तो पाच पैशांचा कागद इतकी वर्षं गाडीची स्मरणशक्ती राखत बसलाय.

चिप स्क्रूड्रायव्हरने उचकटायची नाही. पाय वाकतात, एखादा तुटतोच. एक्सट्रॅक्टरने दोन्ही बाजूंनी सारखी उचलली. टीएल८६६ प्रोग्रामरमध्ये (चिप वाचायच्या-लिहायच्या यंत्रात) बसवून वाचली. स्टिकरची कड उचलून नंबर बघितला, २७सी२५६. बत्तीस किलोबाइट, नेमके ३२,७६८ बाइट. एका फॉरवर्ड फोटोपेक्षा कमी जागेत आख्ख्या गाडीचं शहाणपण.

तीन वेळा वाचली आणि तिन्ही फाइली एकमेकांशी ताडून पाहिल्या. दुसऱ्या फाइलमध्ये एक बाइट वेगळा! अंगावर काटा आला. चिप काढून पायांवरचा काळेपणा खोडरबराने घासला, परत पाच वेळा वाचली. पाचही सारख्या, पहिल्या आणि तिसऱ्याशी जुळणाऱ्या. तीच फाइल खरी धरली. लॅपटॉपवर एक प्रत, पेनड्राइव्हवर एक आणि भाच्याला मेलवर एक.

२५ सप्टेंबर, गुरुवार

मोजल्याशिवाय बदल करायचा नाही. वाइडबँड मीटर (धुरावरून हवा-इंधनाचं प्रमाण सांगणारा) आणलाय, सेन्सर बॉशचा एलएसयू ४.९. तो बसवायला बेंड पाइपला नट वेल्ड करायला हवा. भोसरीत एका टिगवाल्याकडे पाइप नेला. नट पाइपच्या वरच्या अंगाला, घड्याळात दहा ते दोनच्या दरम्यान हवा, म्हणजे पाण्याचे थेंब सेन्सरवर जमणार नाहीत. तापलेल्या सेन्सरवर पाणी पडलं की आतलं सिरॅमिक तडकतं आणि चार-पाच हजार रुपये धुपून जातात.

दोन नट लावून घेतले, प्रत्येक सिलिंडरला एक. सेन्सर एकच आहे, पाळीपाळीने लावायचा. दुसऱ्यावर बूच.

२८ सप्टेंबर, रविवार

पाऊस थांबला तशी पहिली मोजणी केली. कोथरूड, भूगाव, पिरंगुट आणि परत. मीटरवर हवा-इंधनाचा आकडा लावला होता. साठच्या वेगाने सावकाश चालवताना १६.२. पोटात गोळा आला. ई२० ला १३.५ हवं आणि इथे १६.२, म्हणजे वीस टक्के कमी! असं असेल तर पिस्टन अजून शाबूत कसा?

घरी येऊन तासभर डोकं धरून बसलो, मग ट्यूब पेटली. सेन्सर पेट्रोल ओळखत नाही. तो फक्त बाहेर पडणाऱ्या धुरातला ऑक्सिजन बघतो आणि लॅम्डा काढतो. लॅम्डा एक म्हणजे जेवढी हवा लागते तेवढीच, एकच्या वर म्हणजे हवा जास्त, इंधन कमी. मीटर त्या लॅम्डाला १४.७ ने गुणून आकडा दाखवतो, टाकीत काहीही असो. त्यामुळे ई२० वरही "बरोबर" म्हणजे मीटरवर १४.७ च दिसणार. १६.२ म्हणजे लॅम्डा १.१०. दहा टक्के कमी, वीस नाही. मीटर लॅम्डावर लावून टाकला, तो गोंधळ कायमचा मिटला.

खऱ्या नोंदी अशा. आयडलिंगला १.०२, सावकाश चालवताना १.१०, पूर्ण थ्रॉटलला चार हजारांच्या वर ०.९३. पूर्ण थ्रॉटलला ०.८७ च्या आसपास हवं. एअर कूल्ड इंजिनाला जास्तीचं पेट्रोल थंडाव्यासाठीही लागतं. दोन्ही सिलिंडरांत फरक एक-दोन टक्के, तो सोडून दिला.

आणखी एक. फट्ट होतं त्या क्षणी मीटर १.३ च्या वर उडी मारतो, पण तो आकडा खरा मानायचा नाही. मिस फायर झाला की न जळलेला ऑक्सिजन तसाच बाहेर येतो आणि सेन्सर म्हणतो "लीन". इंधन कमी म्हणून मिस फायर की मिस फायर म्हणून कमी दिसतंय, ते आजूबाजूच्या आकड्यांवरून ठरवायचं.

१ ऑक्टोबर, बुधवार

खंडेनवमी. पान्यांच्या शेजारी लॅपटॉप, प्रोग्रामर आणि मोजपात्र मांडलं, झेंडू वाहिला. हळदकुंकू चिपपासून लांब ठेवलं. आई म्हणाली, "त्या काळ्या झुरळालाही लाव की." अठ्ठावीस पाय बघता उपमा चुकीची नाही.

५ ऑक्टोबर, रविवार

भाचा आला. बत्तीस हजार बाइटांत तक्ता कुठाय ते शोधायचं. ट्यूनरप्रो नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडून आकडे चित्रासारखे बघत खाली खाली सरकत गेलो. प्रोग्रामचा भाग नुसता कचरा दिसतो, टीव्हीवर मुंग्या येतात तसा. तक्ता आला की लगेच कळतं, आकडे शेजारच्याचा हात धरून चढायला लागतात. रुंदी सोळा धरली आणि पडद्यावर डोंगर उभा राहिला. एका बाजूने आरपीएम, दुसऱ्या बाजूने थ्रॉटल, उंची म्हणजे पेट्रोल. सोळा गुणिले सोळा, २५६ घरं, प्रत्येकात शून्य ते २५५ मधला एक आकडा.

"मामा, हा डोंगर मधे बसलाय."

खरंच. अडीच ते तीन हजार आणि थोडासा थ्रॉटल, नेमकी फट्ट होण्याची जागा, तिथे खळगा होता. कारखान्याने ठेवलेला की बॉलपेनवाल्याने खणलेला, कळायला मार्ग नाही. त्या काळी आवाज आणि धुराच्या चाचण्या पास व्हायला त्या पट्ट्यात पेट्रोल कमी ठेवायची पद्धत होती, तसंही असेल. निव्वळ पेट्रोलवर तो खळगा निभावत असणार. ई२० वर त्यात गाडी पडते.

शेजारी आणखी तक्ते दिसले. इग्निशनचा (ठिणगी कधी पडायची त्याचा) बहुधा एक, तापमानाचे दोन-तीन. त्यांना हात लावायचा नाही असं ठरलं. भाच्याला इग्निशन "थोडंसं" पुढे घ्यायचं होतं. मी नाही म्हणालो. पेट्रोलची चूक मीटरवर दिसते, इग्निशनची चूक पिस्टनवर.

८ ऑक्टोबर, बुधवार

स्प्रेडशीटमध्ये सगळ्या २५६ घरांना १.०७५ ने गुणलं. दहा मिनिटांचं काम, असं वाटलं होतं. भाच्याने त्याच्याकडे चित्र काढून व्हॉट्सॲपवर पाठवलं. डोंगराच्या माथ्यावर विहीर!

कारण साधं होतं. एका बाइटात २५५ च्या वर आकडा मावत नाही. २४३ ला साडेसात टक्के वाढवले की २६१ होतात आणि २६१ बाइटात कोंबले की उरतात ५. जुन्या स्कूटरचा मीटर ९९९९९ नंतर शून्यावर येतो तसं. म्हणजे पूर्ण थ्रॉटलला, सहा हजारांवर, जिथे सगळ्यात जास्त पेट्रोल लागतं, नेमकं तिथेच गाडीला चमचाभर मिळालं असतं. एक्स्प्रेस हायवेला समांतर असलेल्या जुन्या मुंबई रस्त्यावर हे कळलं असतं तर काय झालं असतं याचा विचार रात्री बराच वेळ केला.

२३७ च्या वरची अकरा घरं आहेत. त्यांना २५५ वर थांबवलं. तिथे मूळ तक्ताच सढळ होता, त्यामुळे दोन-तीन टक्के कमी पडले तरी लॅम्डा ०.९० च्या आत राहील असा हिशोब. मोजून बघू.

दुसरं टोकही तितकंच बोचरं. आयडलिंगच्या घरात ११ आहे. अकराचे साडेसात टक्के म्हणजे ११.८, अपूर्णांक ठेवता येत नाही, म्हणून १२. तिथे वाढ साडेसात नाही, नऊ टक्के झाली. लहान आकड्यांना टक्केवारी मानवत नाही. आयडलिंगला बुचाखालच्या पॉटने थोडं मागे घेता येईल.

११ ऑक्टोबर, शनिवार

तपकीर गल्लीत चिपा शोधायला. दिवाळीच्या माळांनी गल्ली गच्च भरलेली. "ईप्रॉम" म्हटल्यावर पहिल्या तीन दुकानांत पोरांनी मान हलवली, चौथ्यात एका आजोबांनी चष्मा वर केला. "कुठे टाकायचीय? ईपीएबीएक्समध्ये?" म्हणजे ऑफिसच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये. मोटरसायकलमध्ये म्हटल्यावर ते पहिल्यांदा हसले. २७सी२५६ नव्हती. २७सी५१२ होत्या, दुप्पट क्षमतेच्या, पाय तेवढेच. चार घेतल्या. "काढलेला माल आहे, परत घेणार नाही" हे त्यांनी आधीच सांगितलं, तेव्हा तक्रार नाही.

घरी तपासल्या तर एकही कोरी नाही. एकीत कुठल्यातरी बिलिंग मशिनचा मजकूर अजून होता. पुसायचा दिवा विकत घेण्यापेक्षा जुन्या वॉटर प्युरिफायरमधली यूव्ही नळी आठवली. पाणी निर्जंतुक करणारी ती नळी २५४ नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश देते आणि ईप्रॉम पुसायलाही तोच लागतो. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात नळी बसवली, झाकण घट्ट. हा प्रकाश डोळ्यांनी बघायचा नाही, कातडीवरही नको. झाकणाला असा स्विच लावला की उघडलं की दिवा बंद. वीस मिनिटांनी तीन कोऱ्या, सगळीकडे एफएफ, म्हणजे रिकामं. चौथी चाळीस मिनिटांनीही अडून बसली. खिडकीवर जुना डिंक होता, स्पिरिटने पुसला, मग तीही वठणीवर आली.

१२ ऑक्टोबर, रविवार

चिप लिहिली, तपासली, प्रोग्रामर म्हणाला सगळं बरोबर. ईसीयूत बसवली, किल्ली फिरवली. एरवी पेट्रोल पंप दोन सेकंद झूं करतो. आज शांतता. स्टार्टर फिरतोय, बाकी काही नाही. जुनी चिप परत बसवली तर गाडी पहिल्या सेकंदाला चालू. म्हणजे तारा ठीक, चूक माझी.

अर्धा दिवस गेला. चहाचे चार कप आणि दोन्ही चिपांच्या पायांचे नकाशे शेजारी ठेवून शेवटी सापडलं. २७सी२५६ मध्ये एक नंबरचा पाय प्रोग्रामिंगच्या व्होल्टेजचा. नुसतं वाचताना तो पाच व्होल्टला बांधून ठेवतात. मल्टिमीटरने बघितलं, बेसमधला एक नंबर आणि अठ्ठावीस नंबर, टूंऽऽ. जोडलेले आहेत. पण २७सी५१२ मध्ये एक नंबरचा पाय पत्त्याची सगळ्यात वरची ओळ आहे. ती कायम पाच व्होल्टला, म्हणजे चिप कायम वरचा अर्धा भागच वाचणार. मी तक्ता खालच्या अर्ध्यात लिहिला होता. ईसीयू वरच्या मजल्यावर गेला आणि तिथे सगळीकडे एफएफ. दुमजली घर, बिऱ्हाड तळमजल्यावर आणि पोस्टमन रोज गच्चीवर.

तीच ३२ किलोबाइटची फाइल एकामागे एक दोनदा जोडली, ६४ ची केली. ८००० हेक्सपासून पुढे, म्हणजे वरच्या अर्ध्यात, तोच मजकूर पुन्हा. दुसरी चिप लिहिली.

झूं.

१९ ऑक्टोबर, रविवार

पहिली खरी चक्कर, तोच भूगाव-पिरंगुट रस्ता. सावकाश चालवताना १.०२, पूर्वी १.१०. पूर्ण थ्रॉटलला ०.८७ ते ०.८९. आयडलिंगला ०.९४, पॉटने ०.९६ वर आणलं. गणित आणि रस्ता पहिल्यांदाच एका सुरात बोलले.

खळगा मात्र आहेच. फट्ट कमी झालं, गेलं नाही. साडेसात टक्क्यांनी गाडी जुन्या पेट्रोलच्या हिशोबाला आली, पण जुना हिशोबच त्या पट्ट्यात कंजूष होता. तिथे १.०६. बावीस घरं नोंदवून घेतली.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

भाऊबीज. ताईकडे सगळे जमलेले. मेहुण्यांनी विचारलं, "काय, चिप मारली म्हणे? पॉवर किती वाढली?" काहीच नाही म्हटलं तर त्यांना फसवणूक वाटली. "मग पैसे कशाला घातले?" गेल्या महिन्याभरात हाच प्रश्न नऊ जणांनी विचारलाय. गाडी नीट चालावी एवढ्यासाठी कोणी दोन महिने घालवू शकतो हे पुण्यातही पटवावं लागतं, याचं आश्चर्य वाटतं.

२ नोव्हेंबर, रविवार

बावीस घरांना आणखी चार ते सात टक्के दिले. खळगा एकदम बुजवला नाही, कडा शेजारच्या घरांशी उतरत्या मिळवल्या. एकाच घरात उंचवटा केला तर थ्रॉटल पुढे-मागे करताना गाडी पायरी चढल्यासारखी अडखळते. तिसरी चिप.

पहाटे साडेपाचला खडकवासल्यावरून सिंहगड. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर, गड तेराशेच्या आसपास. हवेच्या दाबाचा सेन्सर त्याचं काम करतो का, ते बघायचं होतं. वर जाईपर्यंत लॅम्डा दोन टक्क्यांच्या आत राहिला. त्या तक्त्याला हात न लावल्याचं समाधान.

घाटात दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये मुद्दाम अडीच हजारांवर खेळत राहिलो. उघड, सोड, उघड. फट्ट नाही. एका वळणावर बसमागे अडकलो, धुरात आणि पहिल्या गिअरमध्ये रांगत, तिथेही नाही. गाडी बंद करून उतरलो तेव्हा तापलेल्या फिन्सचा टिकटिक आवाज तेवढा येत होता. मडक्यातलं दही खाल्लं, दोन वाट्या. पिठलं-भाकरी वाल्या मावशींनी गाडीकडे बघून "बुलेट का?" विचारलं. हो म्हटलं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

पीयूसी. जुनी चिप असताना आयडलिंगला कार्बन मोनॉक्साइड ०.४ टक्के यायचा, आज १.७. मार्च २००० च्या आधीच्या दुचाकींना ४.५ ची मर्यादा आहे, तेव्हा चिंता नाही. पण आकडा वाढला हे खरं आणि ते लिहून ठेवायला हवं. १.७ मलाही जास्त वाटतो. अकराचे बारा केलेलं तेच घर. पॉट आणखी किंचित मागे घेतला, परत मोजायला लावलं, १.१. पीयूसीवाल्या पोराने दुसऱ्यांदा पैसे घेतले नाहीत. त्याला मीटर बघायचा होता.

२९ नोव्हेंबर, शनिवार

चार टाक्यांचा हिशोब. पूर्वी लिटरला साधारण १८ किमी, आता १६.५. हे होणारच होतं. इथेनॉलच्या एका लिटरात पेट्रोलच्या दोन-तृतीयांश ऊर्जा असते, म्हणजे ई२० च्या लिटरात सहा-सात टक्के कमी. आधीचा १८ उपाशीपोटी मिळालेला होता, भुकेल्या इंजिनाने काढलेला. मेहुण्यांना हा आकडा सांगणार नाही.

आज पक्की चिप लिहिली, तिसऱ्या आवृत्तीची. खिडकीवर आधी ॲल्युमिनियमची चिकटपट्टी आणि तिच्यावर कागद. कागदावर काय लिहायचं यावर विचार केला. आधीच्या मालकाचे बॉलपेनचे आकडे मला कधीच कळले नाहीत. मी लिहिलं: "ई२०, पुणे, ३ री, नोव्हें. २०२५, फक्त पेट्रोलचा तक्ता, इग्निशन मूळ." अक्षर बारीक करावं लागलं.

जुनी चिप काळ्या फोममध्ये पाय रोवून, वर फॉइल गुंडाळून गोदरेजच्या कपाटात आईच्या खणात ठेवली, दागिन्यांच्या डबीशेजारी. आईने विचारलं नाही, फक्त डबी थोडी सरकवली.

मेस्त्रींनी चक्कर मारली. कर्वे पुतळ्यापर्यंत जाऊन आले, उतरले, हातमोजे काढले. "बरी झालीय. क्लच केबल बघा, सुटायला आलीये."